ल्युपसमधल्या अनैच्छिक हालचाली 'टेन्शन'च्या खात्यात टाकू नका

ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार. त्याच्या रुग्णांमध्ये एक मेसेज फिरतोय: "ल्युपस त्वचेचा आणि सांध्यांचा आजार. हातपाय आपोआप हलत असतील तर ते टेन्शन, नाहीतर स्टिरॉइडचा परिणाम. एमआरआय नॉर्मल म्हणजे मेंदू ठीक. गोळ्या थांबवा, हालचाल थांबेल." यातला शेवटचा सल्ला जिवावर बेतू शकतो, म्हणून हे लिहितेय.

ल्युपस मेंदूलाही सोडत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ मध्ये ल्युपसच्या मज्जासंस्थेशी व मनाशी संबंधित १९ प्रकारांची यादी केली. कोरिया हा हालचालींचा विकार त्यात आहे. तो क्वचित दिसतो, पण खरा आहे.

'टेन्शन'चा शिक्का मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो बहुतेकदा तरुण मुलींवर बसतो आणि कोरियाही त्यांच्यातच जास्त आढळतो. हात, पाय, चेहरा अनियमितपणे, नाचल्यासारखे हलतात. वस्तू हातातून निसटते, अक्षर बिघडतं, बाहेर काढलेली जीभ स्थिर राहत नाही. कधी शरीराची एकच बाजू हलते. ताणात हे वाढतं आणि झोपेत बहुधा कमी होतं, म्हणून लोकांना नाटक वाटतं. पण ताणात तर पार्किन्सनचा कंपही वाढतो!

स्टिरॉइडने हाताला बारीक कंप सुटू शकतो, हे खरं. कोरियाची हालचाल तशी नसते. शिवाय काहींना तो ल्युपसचं निदान होण्याआधीच, स्टिरॉइडची एकही गोळी घेतलेली नसताना होतो.

एमआरआयमध्ये मेंदूची रचना दिसते. हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या बेसल गँग्लियाचं काम बिघडलं तरी चित्र स्वच्छ येऊ शकतं. म्हणून रक्तातल्या अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज, म्हणजे प्रतिकारशक्तीने चुकून स्वतःच्याच शरीराविरुद्ध बनवलेली प्रथिनं, तपासायला हव्यात. कोरिया झालेल्या ल्युपसच्या रुग्णांत त्या वरचेवर सापडतात आणि त्यांच्यामुळे रक्ताच्या गुठळ्याही होतात. चाचणी पॉझिटिव्ह आली तर किमान १२ आठवड्यांनी ती पुन्हा करतात.

आता गोळ्या. बरेच दिवस घेतलेलं स्टिरॉइड एकदम तोडलं तर रक्तदाब धोकादायकरीत्या घसरू शकतो आणि ल्युपसही उसळतो. उलट, कोरियाच्या उपचारात अनेकदा स्टिरॉइडच देतात. गुठळ्यांचा धोका असेल तर ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी औषधं, हालचाली आटोक्यात ठेवायला हॅलोपेरिडॉल किंवा टेट्राबेनाझिन. बहुतेकांचा कोरिया काही आठवड्यांत-महिन्यांत ओसरतो, काहींना पुन्हा होतो.

डॉक्टरांकडे जाताना हालचालींचा मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या. पूर्वीचे गर्भपात, गुठळ्या, सध्याचं गरोदरपण आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या यांबद्दल त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.