‘पेड इन फुल’ एकट्या रॅकिमचा नव्हे

हिप-हॉपची चर्चा निघाली आणि ‘जुन्यातलं काय ऐकू?’ असं कोणी विचारलं, की डीजे एरिक बी. आणि रॅपर रॅकिम या जोडीच्या पहिल्या अल्बमचं, १९८७ च्या ‘पेड इन फुल’चं नाव येतंच. यायलाच हवं. पण त्यापाठोपाठ एक ठरलेली टिप्पणीही येते आणि कॉपी-पेस्ट होत फिरत राहते. तिचा आशय असा: अल्बम खरं तर एकट्या रॅकिमचा, एरिक बी. फक्त फोटोपुरता. रॅकिमच्या आधीचं रॅप म्हणजे बडबडगीतं. सगळं काम आठवडाभरात उरकलेलं, संगीत दुसऱ्यांचं ढापलेलं, एक तुकडा तर थेट येमेनी गाण्यातला. आणि कव्हरवरची जाकिटं गुची या महागड्या फॅशन ब्रँडने दिलेली. यातल्या बऱ्याच विधानांत थोडं थोडं तथ्य आहे, म्हणून तर ती खपतात.

सगळ्यात जास्त खपणाऱ्यापासून सुरुवात करू: एरिकने काही केलंच नाही. एरिक बॅरियर हा न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला डीजे, डब्ल्यूबीएलएस या रेडिओ स्टेशनसाठी काम करायचा. त्याला रॅप करणारा जोडीदार हवा होता. शोधता शोधता तो लाँग आयलंडवरच्या वायनडँचला पोचला आणि तिथे त्याला विल्यम ग्रिफिन नावाचा पोरगा भेटला. हाच रॅकिम. पोराच्या डोक्यात तेव्हा कॉलेज आणि फुटबॉल. म्हणजे जोडी जमवली एरिकने, आणि रेकॉर्डिंगसाठी मार्ली मार्ल या संगीत-निर्मात्याच्या घरी घेऊन गेला तोही एरिकच. तिथे झालेल्या ‘एरिक बी. इज प्रेसिडेंट’ या त्यांच्या पहिल्या गाण्याची बेसलाइन, म्हणजे खालच्या सुरांची पुन्हा पुन्हा येणारी धून, फाँडा रे या गायिकेच्या डान्स रेकॉर्डवरून घेतलेली आहे. एरिकने ‘ही बेस वापरू या’ म्हटल्यावर रॅकिमला इतकं हसू फुटलं की तोंडातली बिअर भिंतीवर उडाली, असं एरिकने पुढे सांगितलंय. सांगणारा एरिकच, तेव्हा माप थोडं स्वतःकडे झुकलेलं असणार, हे धरून चालू. पण तीच बेसलाइन आज गाणं सुरू होताच लोक ओळखतात.

आता ‘आय एन्ट नो जोक’ ऐका. या गाण्याच्या ध्रुवपदाला शब्दच नाहीत. कडवं संपलं की जेम्स ब्राऊनच्या साथीदारांच्या, म्हणजे द जे.बी.ज या बँडच्या रेकॉर्डवरचा ब्रासचा (पितळी वाद्यांचा) एक तुकडा डीजेकडून रेकॉर्ड प्लेयरच्या सुईखाली पुढे-मागे घासला जातो आणि जिथे गायक ओरडला असता तिथे तो ओरडतो. हे काढून टाका, गाणं अर्धं होतं. शिवाय अल्बमच्या दहा ट्रॅकपैकी तीन असे आहेत की ज्यांत रॅकिमचं एकही कडवं नाही: ‘एरिक बी. इज ऑन द कट’, ‘चायनीज अरिथमेटिक’ आणि ‘एक्स्टेंडेड बीट’. खरं सांगायचं तर हे तिन्ही आज ऐकताना बोट पुढच्या गाण्याकडे जातं, ‘चायनीज अरिथमेटिक’ला तर हमखास. पण ते वाईट आहेत म्हणणं वेगळं आणि ते नाहीतच असं समजून ‘सगळा अल्बम रॅकिमचा’ म्हणणं वेगळं. त्या काळात डीजेचं नाव आधी यायचं. ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह, डीजे जॅझी जेफ अँड द फ्रेश प्रिन्स. अठरा वर्षांच्या रॅकिमने पहिल्याच गाण्यात आपल्या डीजेला प्रेसिडेंट केलं ते त्या रिवाजाला धरूनच.

या वादात खरा अन्याय होत असेल तर तो तिसऱ्याच माणसावर. १९८६ च्या त्या पहिल्या रेकॉर्डच्या दोन्ही बाजू, ‘एरिक बी. इज प्रेसिडेंट’ आणि ‘माय मेलडी’, मार्ली मार्लच्या क्वीन्सब्रिजमधल्या घरगुती स्टुडिओत झाल्या आणि त्या आवाजावर त्याची छाप उघड आहे. अल्बमच्या पाठीवर मात्र निर्माते म्हणून जोडीचंच नाव. आपलं श्रेय गेलं, असं मार्ली वर्षानुवर्षं म्हणत आलाय. रॅकिमनेही पुढे पुष्कळ कल्पना आपल्या होत्या असं म्हटलंय. तेव्हा एरिकचा वाटा किती, यावर खुशाल भांडा. शून्य होता, असं म्हणायला आधार नाही.

दुसरं, ‘रॅकिमच्या आधी बडबडगीतं’. हे ऐकून खुद्द रॅकिमलाच राग येईल. ज्यांच्याकडून शिकलो म्हणून तो मेली मेल, कूल मो डी, ग्रँडमास्टर कॅझ यांची नावं घेतो, ते सगळे त्याच्या आधीचे. १९८१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या हार्लेम वर्ल्ड या क्लबमध्ये कूल मो डीने बिझी बी या रॅपरला समोरासमोरच्या रॅप-लढतीत धुतला. तेव्हापासून गर्दीला नुसतं ‘हात वर करा’ म्हणण्यावर भागेनासं झालं, शब्दांचं वजन मोजलं जाऊ लागलं. पुढच्याच वर्षी ‘द मेसेज’ या गाण्यात मेली मेलने गरीब वस्तीचं जे वर्णन केलं, त्याला बडबडगीत म्हणण्याची हिंमत माझ्यात नाही.

मग रॅकिमने नवं काय केलं? आवाज खाली आणला. बाकीचे जणू मैदानाच्या टोकापर्यंत ऐकू जावं म्हणून बोलत होते, हा शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशी बोलावं तसा बोलला. ‘माय मेलडी’च्या वेळी मार्ली मार्ल आणि रॅपर एमसी शॅन यांना हे इतकं थंड वाटलं की ‘जरा जोर लाव’ म्हणून त्यांनी सांगून पाहिलं. त्याने लावला नाही. दुसरी गोष्ट श्वासाची. तो सॅक्सोफोन वाजवायचा, जॉन कोल्ट्रेन त्याचा आदर्श. सॅक्सच्या सोलोसारखी त्याची ओळ ताल संपला म्हणून थांबत नाही, पुढच्या मात्रेत शिरते, आणि यमक ओळीच्या शेवटाची वाट न पाहता मधेच दोन-तीनदा येऊन जातं.

शीर्षकगीत यासाठी पुरेसं आहे. त्यात कडवं एकच. सुरुवातीला घामेजलेला हात. खिसा चाचपला तर पैसे संपलेले, आणखी खोल हात घातला तर हाताला फक्त कापडाची लव लागते. आधी लुटालूट करायचा तो पोरगा आता सरळ नोकरी करायचं म्हणतोय, कारण माशाचं जेवण त्याला फार आवडतं आणि पैशाशिवाय मासा ताटात येत नाही, मनातच राहतो. इंग्रजीत मासा, ताट आणि इच्छा (फिश, डिश, विश) हे तिन्ही शब्द एकमेकांशी जुळतात आणि तो ते असे टाकतो की यमक साधलंय हे नंतर लक्षात येतं. पण यमक मधे आणणारा हा पहिलाच, असं नव्हे.

‘आठवडाभरात उरकला’ हे अर्धंच खरं. बजेट तुटपुंजं होतं आणि पॉवर प्ले स्टुडिओतलं काम घाईघाईत झालं, हे दोघांनीही सांगितलंय. पण ‘एरिक बी. इज प्रेसिडेंट’ आणि ‘माय मेलडी’ ही दोन गाणी आधीच्या वर्षीच बाहेर आली होती आणि तीच ऐकून पुढचा करार मिळाला.

आता चोरी. १९८७ मध्ये सॅम्पलिंगसाठी, म्हणजे जुन्या रेकॉर्डमधला तुकडा उचलून नव्या गाण्यात वापरण्यासाठी, परवानगीची पद्धत नीट बसलेली नव्हती. अमेरिकेतल्या कोर्टाचा याबाबतचा गाजलेला निकाल रॅपर बिझ मार्कीविरुद्ध लागला तो १९९१ मध्ये. मूळ वाजवणाऱ्यांना पैसे मिळायला हवे होते, याबाबत माझ्या मनात शंका नाही. पण ‘ढापलं’ म्हणणाऱ्यांनी शीर्षकगीत पाहावं. बेस डेनिस एडवर्ड्सच्या १९८४ च्या प्रेमगीतातली, ड्रम्स सोल सर्चर्सच्या १९७४ च्या रेकॉर्डवरचे. दहा वर्षांचं अंतर असलेले हे दोन तुकडे एकमेकांसाठीच केलेत असं वाटायला लावणं ही कारागिरी आहे, आणि ती कानानेच करावी लागते. शिवाय उलटंही झालं. ‘आय नो यू गॉट सोल’मधले रॅकिमचे तीन-चार शब्द उचलून ब्रिटनमधल्या मार्स या गटाने ‘पम्प अप द व्हॉल्यूम’ केलं आणि त्याच वर्षी तिथे पहिला नंबर गाठला. खुद्द ‘पेड इन फुल’ बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या मुख्य अल्बम-यादीत ५८ च्या वर गेला नाही.

आणि ते येमेनी गाणं? अल्बममध्ये ते नाहीच. ती ओफ्रा हाझा, येमेनी ज्यू घरातली इस्रायली गायिका. तिचा आवाज शीर्षकगीतावर चढवला लंडनच्या कोल्डकट या जोडीने, सात मिनिटांच्या रीमिक्समध्ये. एरिकला ते मुळीच रुचलं नव्हतं. युरोपात मात्र तेच जास्त वाजलं. तेव्हा हाझाच्या सुरावटीसाठी रॅकिमला शिव्या किंवा शाबासकी देणाऱ्यांनी बहुतेक अल्बम ऐकलेलाच नसतो.

राहता राहिली जाकिटं. ती गुचीची नव्हती. हार्लेमच्या १२५व्या रस्त्यावर डॅपर डॅन नावाचा शिंपी दुकान चालवायचा. बड्या ब्रँडची चिन्हं स्वतः चामड्यावर छापून तो असे कपडे शिवायचा, आणि हे ब्रँड त्याच्यामागे वकील लावायचे. १९९२ मध्ये त्याला दुकान बंद करावं लागलं. २०१७ मध्ये गुचीनेच त्याच्या एका जुन्या जाकिटासारखं जाकीट रॅम्पवर आणलं, बोंबाबोंब झाली आणि मग कंपनीने त्याच्याशी भागीदारी केली. म्हणजे गुचीचा हात त्या कपड्यांना लागला असेल तर तो तीस वर्षं उशिरा, आणि नक्कल करताना.