दारात कोण येते?

गेल्या महिन्यात आमच्या बारावीच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर सांगली जिल्ह्यातल्या एका सहा वर्षांच्या मुलीच्या उपचारांसाठी मदतीचे आवाहन आले. रक्ताचा कर्करोग, खर्चाचा अंदाज, बँकेचा तपशील आणि डोक्यावरचे केस गेलेल्या मुलीचे छायाचित्र. पहिल्या पाच मिनिटांत सहा जणांनी पैसे पाठवले आणि पुढचे दोन तास उरलेल्यांनी भांडण केले. सरकार काय करते, धर्मादाय रुग्णालये निर्धनांसाठीच्या 10 टक्के खाटा कुठे लपवतात, महात्मा फुले योजनेतले 5 लाख नेमके कुणाला मिळतात, हे सगळे झाले. मग पुण्यात स्वतःचा कारखाना चालवणाऱ्या एका वर्गमित्राने समारोपाच्या थाटात लिहिले, “निदान आपल्याकडे धावून येणारी माणसं तरी आहेत. तिकडे सोयी आहेत, माणसं नाहीत. तिकडे मूल आजारी पडलं तर दारात कोण येतं?” त्याखाली अकरा अंगठे उमटले. त्यातला एक माझ्या सख्ख्या मैत्रिणीचा होता.

मी इंग्लंडमध्ये, मिडलंड्स भागात राहते आणि 2022च्या फेब्रुवारीत आमच्या धाकट्याला, तो चार वर्षांचा असताना, हाच आजार झाला होता. वर्गमित्राला हे ठाऊक नव्हते, कारण मी गटावर कधी सांगितले नव्हते. त्यामुळे त्याच्यावर रागावण्याचा मला फारसा अधिकार नाही, पण त्या अधिकाराची वाट न पाहता मी रागावले आणि अजूनही रागावलेली आहे.

आमच्या दारात कोण आले, याचा हिशोब मी देऊ शकते. दर गुरुवारी सकाळी साडेआठला परिचारिका येत असे. ती स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून मुलाच्या छातीत त्वचेखाली बसवलेल्या पोर्टमधून रक्त घेई आणि दुपारी फोन करून रक्तपेशींचा काउंट सांगे. त्या काउंटवरून त्या आठवड्याच्या गोळ्यांचा डोस ठरे, रोज मर्कॅप्टोप्युरिन आणि आठवड्यातून एकदा पिवळे मेथोट्रेक्सेट. तो शाळेत जाऊ लागल्यावर ती शाळेत जाऊ लागली. रिसेप्शनच्या, म्हणजे शाळेतल्या पहिल्याच, वर्गात कुणाला कांजिण्या झाल्या तर शाळा आम्हाला त्याच दिवशी कळवे, कारण केमो चालू असलेल्या मुलाला कांजिण्या जिवावर बेततात. ताप 38च्या वर गेला तर विचार न करता वॉर्डला फोन करायचा आणि निघायचे, तासाभरात अँटिबायोटिक सुरू झालेच पाहिजे, असा नियम होता. त्यासाठी भरलेली पिशवी दोन वर्षे आमच्या जिन्याखाली होती. शेजारच्या बाईंनी चौदा महिने आमचे कचऱ्याचे बिन रस्त्यावर नेऊन ठेवले आणि परत आणले, आणि त्या एकदाही घरात आल्या नाहीत, कारण त्यांची नातवंडे नर्सरीत जात होती आणि नर्सरीतले जंतू कुठवर पोचतात हे त्यांना न सांगता कळत होते.

ही माणसे नव्हेत काय? की पगार घेणारा आणि वेळ पाळणारा माणूस आपण माणसांत मोजत नाही?

हे सगळे फुकट मिळाले, असे भारतातून कुणी म्हणाले की मला आणखी एक चिडण्याचे कारण मिळते. आम्ही दोघांनी इथे बारा वर्षे कर भरला होता. माझा भाचा मास्टर्ससाठी आला तेव्हा त्याने व्हिसाबरोबरच सरकारी आरोग्यसेवेसाठीच्या अधिभाराचे वर्षाला 776 पौंड आगाऊ भरले, आणि नोकरीच्या व्हिसावर येणाऱ्या बहुतेक प्रौढांना आता 1,035 भरावे लागतात. मात्र हेही खरे की मुलाच्या आजारपणात आमच्या हातात एकही बिल आले नाही, आणि त्या दोन वर्षांत मी पैशांवरून रडले ती फक्त रुग्णालयाच्या पार्किंगच्या यंत्रापाशी.

इथली व्यवस्था चुकत नाही, असे मी म्हणत नाही. आमच्या जीपींनी, म्हणजे फॅमिली डॉक्टरांनी, दोनदा व्हायरल म्हणून परत पाठवले. पोरगा जिना चढेना, पायांवर काळेनिळे डाग, ओठ पांढरे. तिसऱ्या वेळी मी ऐकले नाही आणि थेट ए अँड ई, म्हणजे रुग्णालयाचा तातडीचा विभाग, गाठला, तिथे सहा तास बसलो आणि पहाटे तीनला एक तरुण डॉक्टर पडदा ओढून आत आली. तिने खुर्ची माझ्या गुडघ्यांना लागेल इतकी जवळ घेतली तेव्हाच मला कळले. ते सहा तास मी भारतातल्या कुणालाही कधी सांगितलेले नाहीत, कारण ते सांगितले असते तर वर्गमित्राच्या बाजूला एक अंगठा वाढला असता. परदेशात राहणारा माणूस सासरच्या घराबद्दल बोलावे तसे त्या देशाबद्दल बोलतो. आत कितीही कुरबूर असली तरी माहेरी उणे सांगायचे नाही.

आणि माहेरची माणसे? मी सात आठवडे आईवडिलांना काही कळवले नाही. अखेर सांगितले तेव्हा धावून आले ते फोन. मायक्रोवेव्हमुळे झाले, फ्रोझन अन्नामुळे झाले, मुलाचा पहिला वाढदिवस थाटात केला त्याची दृष्ट लागली. प्लेटलेटसाठी पपईच्या पानांचा रस सुचवणारे चार जण होते. एका मावशीने, जिच्या प्रेमाबद्दल मला आजही शंका नाही, विचारले, “तुमच्या दोघांच्या पत्रिका नीट पाहिल्या होत्या ना?” वॉर्डात सव्वादोन वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नाही. त्या वॉर्डात मला जे हलके वाटे, त्यातला निम्मा भाग औषधांचा आणि निम्मा या न विचारण्याचा होता. तिथे कुणालाही आमचे कूळ, आमचे पूर्वजन्म आणि आमचा परदेशी जाण्याचा निर्णय यांत रस नव्हता.

वर्गमित्राला ठाऊक नसलेली गोष्ट अशी की त्याचा युक्तिवाद त्याच्याच राज्यात खोटा ठरलेला आहे. परळच्या टाटा रुग्णालयात बिहार-बंगालपासून विदर्भापर्यंतची मुले येतात. या आजाराची औषधे आता नवी किंवा दुर्मीळ राहिलेली नाहीत, तरीही ब्रिटनमध्ये दहातली सुमारे नऊ मुले बरी होतात आणि भारतात त्याहून कमी, याची मोठी कारणे म्हणजे उशिरा येणे, जंतुसंसर्ग आणि उपचार मध्येच सोडून गावी परत जाणे. महिनाभरात मूल हसू-खेळू लागते, बरे झाल्यासारखे दिसते, आणि तिकडे शेत, म्हैस, दुसरी मुले वाट पाहत असतात. अशा वेळी उरलेली दोन वर्षे मुंबईत काढा, हे सांगणे सोपे असते. टाटाने हे सोडून जाणे गेल्या पंधरा-वीस वर्षांत पुष्कळ खाली आणले, आणि त्यासाठी नवे इंजेक्शन शोधले नाही. राहायला जागा, शिधा, प्रवासखर्च, आणि तारीख चुकली की गावी फोन करणारे समाजसेवक, असे ते काम होते. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, 2006 पासून मुलांसह पालकांना मोफत ठेवून घेणारी सेंट ज्यूड्सची केंद्रे आहेत. ती माणसे कुणाच्या नात्यातली म्हणून धावून येत नाहीत. ती आधीपासून तिथे नेमलेली असतात, अनोळखी मुलासाठी, ठरलेल्या वेळी. सांगलीच्या मुलीसाठी गटावर जमलेले 74 हजार रुपये मी कमी लेखत नाही. त्यात माझेही आहेत, आणि ते मी रागाच्या भरात दुप्पट करून पाठवले, हेही सांगून टाकते.

आईवडील जूनमध्ये सहा महिन्यांच्या व्हिसावर आले. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या आठवड्यांत पोराला रात्री दोन वाजता भूक लागे, आणि ती साधी भूक नसे, तो वरणभातासाठी भिंतीवर लाथा मारी. आई उठून कुकर लावी. विन्क्रिस्टीन या केमोच्या औषधाने त्याची पावले लुळी पडली, तो बदकासारखा चालू लागला. ते औषध मुळात सदाफुलीपासून काढले, असे मी आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “आपल्या दारातली? ती तर मी दरवर्षी उपटून टाकते.” त्यानंतर बराच वेळ ती काही बोलली नाही. मेथोट्रेक्सेटची कथा मी तिला सांगितली नाही, ती मला स्वतःसाठी ठेवावीशी वाटली. त्या औषधाच्या आधीचा भाऊ, अमिनोप्टेरिन, न्यूयॉर्क राज्यातल्या लेडर्ली प्रयोगशाळेत तयार झाला आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते भीमावरमचे येल्लाप्रगड सुब्बाराव. बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ते औषध ल्युकेमियाच्या 16 मुलांना दिले, त्यातली 10 काही काळ सुधारली, हा निबंध 1948चा. त्याच वर्षी सुब्बाराव गेले. अमेरिकेचे नागरिकत्व त्यांनी घेतले नव्हते आणि भारतात ते परतले नव्हते. पिवळी गोळी चमच्यात विरघळवताना हा गृहस्थ मला आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या कुणासारखा तरी वाटे.

आता मला टाळता न येणारी गोष्ट. पहिल्या 29 दिवसांच्या उपचारांनंतर अस्थिमज्जेची तपासणी होते. आजाराच्या किती पेशी उरल्या आहेत त्यावर पुढचा मार्ग ठरतो, आणि त्या फार उरल्या तर दुसऱ्याच्या अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणापर्यंत गोष्ट जाऊ शकते. अहवालाला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी डॉक्टरांना विचारले की तशी वेळ आलीच तर दाता कोण असेल. त्यांनी सांगितले, आधी बहिणीची तपासणी करू, सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक. नाही जुळले तर दात्यांच्या नोंदणीत शोधू. मग थोडे थांबून, शब्द निवडत, ते म्हणाले की तुमच्या वंशाचे दाते आमच्याकडे कमी आहेत. मी घरी येऊन वाचले. इथल्या एका दाता-नोंदणी संस्थेने दिलेल्या आकड्यांनुसार उत्तर युरोपीय गोऱ्या रुग्णाला उत्तम जुळणी मिळण्याची शक्यता 72 टक्के आहे आणि अल्पसंख्य वंशांच्या रुग्णाला 37 टक्के. परिचारिका, फोन, पिशवी, पोर्ट, पार्किंगसकट सगळी व्यवस्था माझ्या मुलासाठी उभी होती आणि या एका ठिकाणी ती म्हणत होती, तुमची माणसे आणा.

वर्गमित्राचे वाक्य मी दोन वर्षे आधीच ऐकले होते, असे मला गेल्या महिन्यात वाटले ते म्हणूनच. आणि राग आला तोही म्हणून.

कारण 2019च्या गणेशोत्सवात, आमच्या मंडळाने भाड्याने घेतलेल्या शाळेच्या हॉलमध्ये, आरतीच्या रांगेशेजारी अशाच दात्यांच्या नोंदणीचे एक टेबल होते. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची आणि एक अर्ज भरायचा, एवढेच काम. दोन कॉलेजवयीन मुली तिथे उभ्या होत्या. माझ्या एका हातात मोदकाचे ताट होते, कडेवर दीड वर्षाचा हाच मुलगा होता. त्यातली एक म्हणाली, “मावशी, दोन मिनिटं.” मी म्हणाले, “पुढच्या वर्षी नक्की.” पुढच्या वर्षी कोविड होता, उत्सव झूमवर झाला.

अहवाल चांगला आला. प्रत्यारोपण लागले नाही, बहिणीची तपासणी करावी लागली नाही, 2024च्या मे महिन्यात पोराने उपचार संपल्याची वॉर्डातली घंटा वाजवली, आणि आता तो साडेसहा वर्षांच्या मुलांसारखे खोटे बोलतो, शूज हरवतो. गटावर मी अजून काही लिहिलेले नाही. तीनदा लिहिले आणि पुसले, कारण प्रत्येक वेळी वर्गमित्राला उत्तर देता देता त्या टेबलापाशी यावे लागत होते.

मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवात त्या टेबलामागे मी उभी होते. तिशी उलटलेल्यांना काही नोंदण्या घेत नाहीत, म्हणून मी तरुण मंडळींनाच हाका मारत होते. संध्याकाळपर्यंत 19 अर्ज भरले. आरती संपल्यावर एक मुलगी आली, साताऱ्याची, नुकतीच लग्न होऊन इथे आलेली, पैठणी नेसलेली, हातात प्रसादाचे दोन द्रोण. मी काडी पुढे केली. तिने द्रोण सावरत माझ्याकडे पाहिले आणि अगदी मनापासून म्हणाली, “ताई, पुढच्या वर्षी नक्की.”