आठ बाथची लाल बस

आमच्या सांगलीच्या फॅमिली ग्रुपवर वर्षभर एकच खटला चालू आहे: गोवा विरुद्ध थायलंड. न्यायाधीश आमचे दाजी. डिसेंबरात ते चौघं कळंगुटला जाऊन आले. गाडी स्वतःची, तरी चार दिवसांत चाळीस हजार उडाले, आणि तेव्हापासून दाजींनी निकाल देऊन टाकलाय की एवढ्यात माणूस बँकॉक बघून येतो. ग्रुपवर रोज कुणीतरी त्यावर अंगठा उमटवतं. शेवटी निकालाची अंमलबजावणी करायला त्यांनी पोरालाच पाठवलं. पोरगं म्हणजे माझा भाचा. बँकॉकमधली मावशी म्हणजे मी, गेली अकरा वर्षं.

भाचा आला, पण माझ्याकडे उतरला नाही. "अगं मावशी, तुझ्याकडे राहिलो तर त्याला सुट्टीत मामाच्या गावाला जाणं म्हणतात, बॅकपॅकिंग नाही." त्यानं खाओ सान रोडच्या मागच्या गल्लीत आठजणांच्या डॉर्ममध्ये ३०० बाथला पलंग घेतला. (बाथला साधारण पावणेतीन रुपये धरा.) रोजचं बजेट ७०० बाथ. झोपणं, खाणं, फिरणं सगळं त्यातच. मी मनात म्हटलं, दोन दिवसांत येईल वरणभात खायला. शनिवारी आला, पण कपडे धुवायला.

खाओ सान म्हणजे थाई भाषेत तांदूळ. हा रस्ता पूर्वी तांदळाच्या व्यापाराचा होता. १९८०च्या दशकापासून पाठीवर पिशवी टाकून हिंडणारे परदेशी इथे उतरायला लागले आणि तांदूळ गेला, नाव राहिलं. आता तिथे रात्री कानठळ्या बसवणारं संगीत आणि काडीला टोचलेले विंचू. ते विंचू खाताना मी एकही थाई माणूस पाहिलेला नाही. पण भाच्याची वही वेगळंच सांगत होती. तो पोरगा वाण्याचा नातू शोभावा असा हिशोब ठेवतो. विमानतळ ते खाओ सान, एस-१ बस, ६० बाथ. चाओ फ्राया नदीवरची नारिंगी झेंड्याची बोट, १६ बाथ. भात आणि दोन भाज्या, ५० बाथ. लाल बस, ८ बाथ.

या लाल बसवर त्याचा भारी जीव जडला. बिनएसीची, खिडक्या सताड उघड्या, काहींची जमीन अजून लाकडी फळ्यांची. कंडक्टर बहुधा बाई असते. तिच्या हातात पत्र्याची लांब नळी, तिच्यात सुटे पैसे आणि तिकिटांची भेंडोळी, आणि गर्दीतून येताना ती नळीचं झाकण खटखट वाजवते. आपल्याकडे कंडक्टर तिकिटाचा चिमटा टिकटिकवायचे, तसंच. कुठेही बसा, कुठेही उतरा, ८ बाथ.

दुसरा लळा सेन सेप कालव्यातल्या बोटीचा. हा कालवा तिसरा राम या थाई राजाच्या कारकिर्दीत, १८३७ ते १८४०च्या दरम्यान खणला. आज त्यातून लांबोळक्या लाकडी बोटी पिसाटासारख्या सुटतात. पाणी काळं आणि घाण. ते अंगावर उडू नये म्हणून कडेच्या माणसानं दोरी ओढून ताडपत्रीचा पडदा वर करायचा, ही तिथली नागरिकशास्त्राची पहिली परीक्षा. तिकीट काढणारा बोटीच्या बाहेरच्या काठावरून चालतो, डोक्यावर हेल्मेट घालून, कारण पूल ठेंगणे आहेत. धक्क्याला बोट जेमतेम काही सेकंद थांबते. भाचा पहिल्याच दिवशी एक धक्का चुकला आणि पुढच्यावरून उन्हात चालत आला. पण त्या बोटीत त्याला एक गोष्ट दिसली जी मला सांगायला अकरा वर्षं सुचली नव्हती. "मावशी, यात टुरिस्ट मी एकटाच होतो."

माझं दाजींशी भांडण आहे ते इथेच. थायलंड स्वस्त आहे असं आपण म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यासमोर एखादं दुकान असतं, आपल्यासाठी सेल लावून बसलेलं. पण भाच्याच्या वहीतली स्वस्त गोष्ट एकही पर्यटकासाठी काढलेली नाही. लाल बस सुरक्षारक्षकासाठी आहे. कालव्यातली बोट प्रतूनामच्या कपड्यांच्या दुकानांत काम करणाऱ्या मुलींसाठी आहे. पन्नास बाथचं ताट बांधकामावरच्या मजुरासाठी आणि माझ्या ऑफिसातल्या कारकुनासाठी आहे. बँकॉकमध्ये किमान वेतन जुलै २०२५पासून दिवसाला ४०० बाथ झालं. तेवढ्यात माणूस जगावा म्हणून शहरात जी सोय टिकून आहे, तिच्या सावलीत माझा भाचा पाच दिवस बसून गेला. पर्यटकांसाठी म्हणून जे आहे ते इथेही महाग आहे. राजवाडा बघायला परदेशी माणसाला ५०० बाथ लागतात, थाई माणसाला फुकट. भाच्यानं तो बाहेरूनच बघितला आणि वहीत लिहिलं, "भिंत छान आहे."

(जाता जाता: वेरूळला भारतीयाला तिकीट ४० रुपये आणि परदेशी माणसाला ६००. पण बिमस्टेक या बंगालच्या उपसागराच्या परिसरातल्या गटाच्या नागरिकांना आपण भारतीयांचाच दर लावतो, आणि त्यांत थायलंड येतं. म्हणजे थाई बौद्ध भिक्खू वेरूळची लेणी ४० रुपयांत बघतो आणि सांगलीचा पोरगा इथे भिंत बघतो. हे मी ग्रुपवर टाकलं नाही. खटल्याला फाटे फुटले असते.)

शिवाय मुळात तुलनाच चुकीच्या जोडीची आहे. बँकॉक हे अवाढव्य शहर; त्याला गोव्याशेजारी कसं उभं करता? गोव्याची जोडी लावायचीच तर फुकेतशी लावा. तिथले टॅक्सीवाले ॲपच्या गाड्यांना गोव्यासारखेच आडवे येतात, आणि विमानतळावरून हॉटेलला जाताना इथले लोकही असाच कपाळाला हात लावतात. मी दोनदा गेले आहे. तिसऱ्यांदा जायची इच्छा नाही.

गोव्याबद्दल माझं दुसरं म्हणणं थोडं टोचणारं आहे. २०१९मध्ये गोव्यानं पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला आणि दारू प्यायला बंदी घातली, दंड २,००० रुपये. किनाऱ्यावर बाटल्या फोडणाऱ्यांसाठी हवीच होती, त्यात वाद नाही. पण त्या वेळी आणि नंतरही जे बोललं गेलं ते दारूपुरतं नव्हतं. बसमधून गॅस आणि भांडी घेऊन येणारे, रस्त्याकडेला भात शिजवणारे पर्यटक नकोत, पैसेवाले हवेत, असा सूर होता. त्या बसच्या पाटीवर बहुतेकदा एमएच किंवा केए असतं. आता गंमत बघा. तोच माणूस स्टोव्ह न घेता, पाठीवर पिशवी टाकून, चार इंग्रजी वाक्यं पाठ करून बँकॉकला आला की त्याला बॅकपॅकर म्हणतात आणि त्याच्यासाठी डॉर्म असतो. खिशातले पैसे तेवढेच. भाच्याच्या डॉर्ममधला एक युरोपियन पोरगा तर रोज दुकानातून कपनूडल्स आणून गरम पाण्यात भिजवून खायचा. त्याला कुणी उघड्यावर स्वयंपाक करणारा म्हटलं नाही.

गोव्याजवळ स्वस्त काही नाही असंही नाही. फेरीबोट आहे. चोडण बेटावर पायी जाणाऱ्या माणसाला नदी ओलांडायला पैसे पडत नाहीत, आणि बघायला मांडवीसारखी नदी! सेन सेपच्या काळ्या पाण्यापेक्षा हजारपट देखणा प्रवास. दाजींनी तो केला का, विचारलं. "फेरीबोटीत गाडी चढवायला रांग होती," म्हणाले.

मुंबईचं दुखणं वेगळं. बेस्टनं २०१९मध्ये किमान भाडं ५ रुपयांवर आणलं होतं तेव्हा मी इथे लोकांना अभिमानानं सांगायचे. मे २०२५मध्ये ते १० झालं, एसीचं ६चं १२. एसटीनं त्याच वर्षी जानेवारीत जवळपास पंधरा टक्के वाढवलं. त्यावर माझ्या मुंबईच्या मैत्रिणींची प्रतिक्रिया अशी: "दहा रुपये म्हणजे काय ग, चहा येत नाही." खरंय. पण हे म्हणणाऱ्या चौघींपैकी एकही बेस्टनं जात नाही. त्यांच्या घरी येणाऱ्या बायका जातात.

आणि फेरीवाले. इथे मात्र मला बँकॉकची आरती ओवाळायची नाही, कारण या बाबतीत दोन्ही शहरं एकमेकांकडून नको तेच शिकतायत. मे २०१४ हा महिना लक्षात ठेवण्यासारखा आहे. भारतात पथविक्रेत्यांना संरक्षण देणारा कायदा १ मे रोजी लागू झाला, आणि २२ मे रोजी थायलंडमध्ये लष्करानं सत्ता घेतली. त्यानंतर इथे "पदपथ पादचाऱ्यांना परत" या नावाखाली हातगाड्या उचलायला सुरुवात झाली. २०१५मध्ये सफान लेकचा बाजार गेला, २०१६मध्ये पाक क्लोंग तलाडच्या फुलबाजारातल्या पदपथावरच्या बायका गेल्या. २०१७मध्ये महापालिकेनं मोठ्या रस्त्यांवरचं खाणं बंद करायचं जाहीर केलं. जगभर ओरड झाली, तेव्हा खुलासा आला: यावरात (इथलं चायनाटाउन) आणि खाओ सान इथलं खाणं राहील. म्हणजे बघा, पर्यटकांच्या दोन रस्त्यांना अभय मिळालं. माझ्या ऑफिसच्या गल्लीत सकाळी चिकट भात आणि डुकराच्या मांसाच्या काड्या विकणाऱ्या बाईंना मिळालं नाही. त्या आता एका इमारतीच्या आवारात भाडं देऊन बसतात, आणि काडी महागली.

आपल्याकडे कायदा आहे, पण मुंबईत पथविक्रेता समितीची निवडणूक व्हायला २०२४ उजाडलं. दहा वर्षं कायदा कपाटात आणि हातगाडी ट्रकमध्ये. पदपथ चालायला हवा हे मलाही पटतं. दादर स्टेशनबाहेर मी लहानपणापासून धक्के खाल्लेत. पण बाई म्हणून एक अनुभव सांगते. बँकॉकमध्ये रात्री अकराला मी स्टेशनवरून घरी चालत येते ती पोलिसांच्या भरवशावर नाही. गल्लीच्या तोंडाशी नूडल्सवाल्याचा दिवा असतो, पुढे पपईची कोशिंबीर कुटणाऱ्या मावशींचा खलबत्ता वाजत असतो. पलीकडच्या गल्लीतल्या गाड्या हटवल्या, पदपथ रुंद आणि चकचकीत झाला, आणि आता रात्री त्या बाजूनं मी जात नाही.

राहण्याचं थोडक्यात सांगते. परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांत सरकारला कळवायचं, हा नियम भारतातही आहे आणि इथेही. आपल्याकडच्या कितीतरी लॉजवाल्यांना ते फॉर्म भरायचं झेंगट नको असतं, म्हणून ते "फॉरेनर नाही चालणार" म्हणतात. इथे भाच्याच्या डॉर्ममधल्या पोरीनं पासपोर्टचा फोटो काढला, मोबाइलवर काहीतरी भरलं आणि किल्ली दिली. मात्र सहा भारतीय पोरं एकत्र दिसली की तिच्याही कपाळावर आठी येते, हे भाच्यानं पाहिलं. का, ते विचारायला त्याला लाज वाटली. मला माहीत आहे, कळंगुटच्या लॉजवाल्यालाही माहीत आहे.

जेवणाचं भाच्याला अवघड जाईल असं त्याच्या आईला वाटत होतं, कारण तो सोमवार पाळतो. मी त्याला एकच शब्द शिकवला: मंगसविरत. मांस आणि विरती, आपलेच शब्द थाई वेशात. आणि पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात "जे" लिहिलेलं दिसलं की खुशाल जेवायचं; तिथे मांसच काय, कांदा-लसूणही नसतो. सोमवारी त्यानं टोफूची रस्साभाजी ४५ बाथला खाल्ली आणि फोटो आईला पाठवला. "पनीर आहे का रे?" असं उत्तर आलं.

पाचव्या दिवशी त्यानं हिशोब ग्रुपवर टाकला: ३,३८० बाथ, विमान सोडून. सोबत लाल बसचा फोटो. उघड्या खिडकीत केस उडवत बसलेला तो, मागे पत्र्याची नळी घेतलेली कंडक्टर. दाजी जिंकले. ग्रुपवर फटाके फुटले. मग दाजींनी मला विचारलं, "आणि तू गं? तुझं तर चैनीतच चालत असेल एवढ्या स्वस्ताईत."

मी काय सांगणार? मी लाल बसनं शेवटची कधी गेले ते आठवत नाही. मी उंचावरून धावणाऱ्या एसी ट्रेननं जाते. शहराच्या कडेवरून मध्यावर यायला तिला साठ-पासष्ट बाथ पडतात, म्हणजे येऊन-जाऊन किमान वेतनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. लाल बस मी खिडकीतून वरून बघते. तिचे मार्ग एकेक करून कमी होतायत आणि त्या जागी निळ्या इलेक्ट्रिक बसा येतायत. गार, शांत, कार्ड टेकवायचं, १५ ते २५ बाथ. धूर नाही, घाम नाही. चांगल्याच आहेत, खोटं कशाला बोलू.

आठवड्यातून दोनदा माझ्याकडे साफसफाईला ज्या ताई येतात, त्या पूर्वी साडेआठला यायच्या. हल्ली नऊ वाजतात. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, निळी लगेच येते, पण तिला वीस पडतात. लाल उशिरा येते, तिच्यासाठी थांबते.