बँकेला सांगूनच विमानात बसा

ठाण्यात तलावपाळीवर संध्याकाळी फेरी मारताना एक वाक्य हमखास कानावर पडतं: "अहो, बँकेला कशाला सांगायचं? चाललंय ते चालू द्या." मुलीकडे न्यू जर्सीला नाहीतर मुलाकडे टोरांटोला कायमचं राहायला निघालेल्या कुणालातरी दिलेला हा सल्ला असतो. देणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण मी बँकेत नोकरी करून निवृत्त झाले आहे आणि या सल्ल्याने म्हातारपणी माणसं कशी अडकतात ते पाहिलंय. नौपाडा, पाचपाखाडी, घोडबंदर रोड, कुठेही बघा, मुलांकडे गेलेल्या आईबाबांची कुलूपबंद घरं दिसतातच. म्हणून सविस्तर लिहिते.

सहा महिन्यांसाठी नातवंडांना भेटून परत येणार असाल, तर खात्यात काहीच बदलायचं नाही. पण ग्रीन कार्ड मिळालंय, मुक्काम तिकडेच हलवलाय आणि परत कधी येणार ते ठरलेलं नाही, तर फेमा या परकीय चलनाच्या कायद्याने तुम्ही अनिवासी होता. मग साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं इथलं रुपयांतलं खातं, करून घ्यावं लागतं. सत्तरीतल्या माणसांना हे पटतच नाही. "एनआरआय आमचा मुलगा, आम्ही कसले?" असं म्हणतात. कायदा मात्र वय विचारत नाही. एनआरओ म्हटलं की पेन्शन बंद होईल ही भीतीही निराधार आहे. पेन्शन त्याच खात्यात जमा होते आणि कर भरून परदेशी नेताही येते.

लोक टाळतात ते टीडीएसमुळे, म्हणजे व्याज देतानाच बँक कापून घेते त्या करामुळे. एनआरओ खात्यातल्या व्याजावर ३० टक्के आणि वर सेस कापला जातो, आणि टीडीएस वाचवण्यासाठी ज्येष्ठ नागरिक वर्षानुवर्षं भरत आलेत तो १५एच फॉर्म (एप्रिल २०२६ पासून फॉर्म १२१) अनिवासी माणसाला भरता येत नाही. इथेच मोह होतो. खातं तसंच ठेवायचं आणि दर एप्रिलला भाच्याकरवी फॉर्म पाठवून द्यायचा! पण तो फॉर्म म्हणजे तुमच्या सहीचं निवेदन आहे, आणि ते खोटं ठरतं. जन्मभर एक रुपया इकडचा तिकडे न केलेल्या माणसांनी उतारवयात खोट्या निवेदनावर सही का करावी? सरळ मार्ग आहे ना. अमेरिका आणि कॅनडा, दोन्ही देशांशी भारताचा दुहेरी कर टाळण्याचा करार आहे. तिथलं कर रहिवासी प्रमाणपत्र दिलं की व्याजावरचा कर १५ टक्क्यांपर्यंत खाली येतो. ते जमलं नाही तर विवरणपत्र भरून जादा कापलेले पैसे परत मागता येतात. मात्र प्राप्तिकरात रहिवासी कोण हे दिवस मोजून ठरतं, फेमाचा नियम वेगळा. त्यामुळे जाण्याच्या वर्षी सीएला विचाराच.

ग्रीन कार्डवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट, जी मुलंसुद्धा सांगायला विसरतात. अमेरिकेबाहेरच्या तुमच्या सगळ्या खात्यांतली रक्कम मिळून वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर तिथल्या सरकारला एफबार नावाचा अहवाल द्यावा लागतो. ठाण्यातल्या मुदत ठेवी त्यात धरल्या जातात. हा कर नव्हे, नुसती माहिती आहे. पण दिली नाही तर दंड जबर आहे. निवृत्तीचे पैसे एफडीत ठेवलेल्या बहुतेक जोडप्यांची रक्कम या मर्यादेच्या वरच असते.

आता फोन. माझ्या मते सगळ्यात जास्त हाल इथे होतात. आमच्याच मजल्यावरच्या काकू मुलाकडे गेल्या, तेव्हा "तिकडे कुठे लागतोय" म्हणून इथला फोन देवघराखालच्या खणात ठेवून गेल्या. पुढे एफडीची मुदत संपली. बँकेच्या साइटवर लॉगिन केलं की ओटीपी येणार त्या खणातल्या फोनवर. किल्ली आमच्याकडे असते, म्हणून मी जाऊन फोन चार्जिंगला लावला. तिकडे काकू रात्री एक वाजता डोळे ताणून बसलेल्या, कारण आपल्याकडे साडेदहाला बँक उघडते तेव्हा त्यांच्याकडे मध्यरात्र उलटलेली असते. फोन सुरू झाला, पण रिचार्ज संपून महिने लोटले होते आणि नंबर कंपनीने काढून घेतला होता. असे नंबर पुढे दुसऱ्या कुणाला तरी दिले जातात. तुमच्या खात्याचा ओटीपी एखाद्या परक्या माणसाच्या हातात पडतो, ही कल्पनाच मला सहन होत नाही.

म्हणून सिमकार्ड सोबत न्या, जाण्याआधी इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या आणि रिचार्ज मुलाच्या कॅलेंडरवर टाका. आधारला, पॅनला, बँकेला आणि पेन्शनला कुठला नंबर जोडलाय हे इथे असतानाच एका कागदावर उतरवून काढा. २०२३ पासून अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, अमिराती अशा देशांतल्या नंबरवरही एनआरओ खात्याचं यूपीआय चालू शकतं. आपली बँक ते देते का, हे शाखेत बसूनच विचारा. आणि कृपा करून ओटीपीचा फोन वॉचमनकडे किंवा कामवाल्या ताईंकडे ठेवू नका. माणूस कितीही विश्वासाचा असला तरी त्याच्यावर हे ओझं टाकणं बरोबर नाही.

"डोंबिवलीचा भाऊ जॉइंट आहे, तो बघेल," हाही मोठा गैरसमज. एनआरओ खात्यात इथला नातेवाईक जोडीला घेतला तर पहिला खातेदार हयात असेपर्यंत दुसऱ्याला खातं चालवता येत नाही. त्यासाठी वेगळं मँडेट (बँकेला लिहून दिलेलं अधिकारपत्र) किंवा कुलमुखत्यारपत्र लागतं. ते इथूनच करून जा. परदेशात केलं तर नोटरी, अपोस्टिल (तिथल्या सरकारचा प्रमाणित शिक्का) किंवा वकिलात, आणि कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क, एवढा व्याप होतो. शिवाय देणाऱ्याचं मानसिक भान हरपलं की कुलमुखत्यारपत्र आपल्या कायद्यात संपतं. स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेल्या घरांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. वारसनोंदही (नॉमिनेशन) बघून घ्या, नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चार जणांपर्यंत नावं लावता येतात. लॉकर असेल तर भारतात आल्यावर न चुकता एकदा उघडा. भाडं भरत राहिलात तरी सलग सात वर्षं न उघडलेला लॉकर, मालकाचा पत्ता लागला नाही तर, बँक फोडू शकते.

हयातीच्या दाखल्याचं मात्र खरंच सोपं झालंय. सरकारी पेन्शनरांना तो नोव्हेंबरात द्यायचा असतो, ऐंशी पूर्ण झालेल्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. ईपीएसवाल्यांना, म्हणजे पीएफ कार्यालयाची पेन्शन घेणाऱ्यांना, वर्षात केव्हाही चालतो, पुढे बारा महिने ग्राह्य. सरकारच्या जीवन प्रमाण सेवेचं ॲप फोनवर चेहरा ओळखून दाखला देतं. एकदा इथे, घरच्या उजेडात करून बघा, म्हणजे तिकडे धांदल होणार नाही. ॲपने दगा दिला तर भारतीय वकिलातीतून सही करून आणलेला दाखला चालतो.

बँकांनाही माझं सांगणं आहे. काउंटरवर आलेल्या पेन्शनरला "ते सगळं ऑनलाइन आहे" म्हणून परत पाठवू नका. मुलांकडे निघालेल्या ज्येष्ठांसाठी एक माणूस अर्धा तास बसवा. यातलं जवळपास सगळं त्या अर्ध्या तासात उरकतं.

कुणाला काही विचारायचं असेल तर खाली जरूर विचारा, जमेल तशी उत्तरं देईन. फक्त खातेक्रमांक, आधार, पेन्शनचा पीपीओ नंबर यातलं काहीही इथे लिहू नका, आणि मला मेसेजमध्येही पाठवू नका.