‘ठेव मोडा, आरडी घ्या’: एका संदेशाचा प्रतिवाद

गेले काही आठवडे पुण्यातल्या मोटारसायकलप्रेमींमध्ये एक संदेश हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा: बँकेतली मुदत ठेव मोडा आणि आरडी ३५० ही जुनी मोटारसायकल किंवा तशीच एखादी दुर्मिळ स्पोर्ट्स मोटारसायकल घ्या, ती आता बनत नाही, म्हणून तिचा भाव सोन्यासारखा वाढतच जाणार, ती नव्यासारखी रिस्टोर करून घेतली की किंमत दुप्पट होते, न चालवता झाकून ठेवली की ती टिकते, कागदपत्रांचे नंतर पाहता येते, आणि परदेशात अशाच गाड्या कोटींना विकल्या जातात. हा संदेश मला पाच जणांनी पाठवला. त्यांपैकी एक गृहस्थ निवृत्तीनंतर हाती आलेले पैसे यात घालायला निघाले आहेत. मी स्वतः बावीस वर्षे एक आरडी सांभाळतो आहे आणि या गाड्यांवर माझा मनापासून जीव आहे. म्हणूनच या संदेशातल्या एकेका विधानाला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान दुर्मिळतेचे. गाडी कमी संख्येने उरली म्हणजे ती महाग होते, हे ऐकायला पटते, पण आपल्या डोळ्यांसमोरची उदाहरणे उलटे सांगतात. यामाहाची आरएक्स १०० ही १९८५ ते १९९६ या काळात देशभर प्रचंड खपली, आजही ती गल्लोगल्ली दिसते, आणि तरीही चांगल्या आरएक्ससाठी लोक नव्या गाडीइतके पैसे मोजतात. याउलट आपल्याच पुण्याच्या किनेटिकने कोरियाच्या ह्योसंगची कॉमेट ही २५० सीसीची, व्ही-ट्विन, म्हणजे ‘व्ही’ आकारात दोन सिलिंडर असलेल्या इंजिनाची मोटारसायकल मोजक्या संख्येने विकली. ती आरएक्सपेक्षा कितीतरी दुर्मिळ आहे, पण तिच्यासाठी रांग लागल्याचे माझ्या पाहण्यात नाही. तिचे सुटे भाग मिळत नाहीत, तिला ओळखणारे मिस्त्री नाहीत, आणि कॉलेजच्या फाटकाशी उभे राहून तिच्याकडे हावरेपणाने पाहिलेली पिढीही नाही. दुर्मिळतेमागे काही कारण असावे लागते, आणि ते कारण जाणणारी माणसे असावी लागतात.

जगभरच्या संग्राहकांच्या दृष्टीने हे कारण बहुधा शर्यतीत सापडते. होंडाची आरसी ३० ही गाडी १९८७ साली आली ती हौस म्हणून नव्हे. सुपरबाइक शर्यतीच्या नियमाप्रमाणे जी गाडी ट्रॅकवर उतरवायची, ती ठरावीक संख्येने रस्त्यासाठीही विकावी लागत असे, म्हणून ती आली. टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड आणि साखळीऐवजी गिअरांनी फिरणारे कॅमशाफ्ट अशा वस्तू त्यामुळे सामान्य ग्राहकाच्या हाती पडल्या, आणि १९८८ व १९८९ या दोन्ही वर्षी फ्रेड मर्केलने याच गाडीवर जागतिक सुपरबाइक स्पर्धा जिंकली. होंडाचीच १९९२ सालची एनआर तर याहून विलक्षण आहे. शर्यतीच्या नियमांत चारच सिलिंडर बसत होते, पण दर फेरीला ताकद देणाऱ्या टू-स्ट्रोक गाड्यांशी झुंजायला, दोन फेऱ्यांत एकदाच ताकद देणाऱ्या फोर-स्ट्रोक इंजिनाला आठ सिलिंडरांचा श्वास हवा होता. म्हणून अभियंत्यांनी पिस्टनच लंबगोल केला, एकेका पिस्टनला दोन-दोन कनेक्टिंग रॉड दिले आणि एकेका सिलिंडरला आठ-आठ व्हॉल्व्ह बसवले. या कल्पनेवरची एनआर ५०० ही शर्यतीची गाडी १९७९ साली उतरली आणि तिने एकही ग्रां प्री जिंकली नाही. तरीही रस्त्यासाठीच्या सुमारे ३०० एनआर गाड्यांना आज जो मान आहे, तो त्या अवघड प्रश्नाला दिलेल्या असामान्य उत्तराचा मान आहे. विजय नसतानाही मूल्य टिकते, पण गोष्टीशिवाय टिकत नाही.

आपल्या आरडीची गोष्टही अशीच आहे. यामाहाच्या परवान्याखाली एस्कॉर्ट्सने ती १९८३ साली राजदूत ३५० या नावाने आणली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर, आणि तीस अश्वशक्तीच्या घरातले टू-स्ट्रोक इंजिन. बाजारात ती चालली नाही. पेट्रोल फार पिते म्हणून लोकांनी नाके मुरडली आणि दशक संपेपर्यंत तिचे उत्पादन थांबले. त्या वेळी ज्यांनी ती चालवली, त्यांनी तिला विसरू दिले नाही. आजची किंमत त्या आठवणीतून उभी राहिली आहे.

दुसरे विधान रिस्टोर करण्याचे, आणि सर्वांत अधिक नुकसान याच विधानाने केले आहे असे माझे मत आहे. चकचकीत रंग आणि नवे क्रोम पाहून भाव ठरवणारा ग्राहक गाडी पाहतच नसतो. चाळीस वर्षांपूर्वी कारखान्यात चढलेला रंग, त्याच्या कडेला पडलेल्या बारीक भेगा, मूळचे नटबोल्ट, मूळचे मीटर, जुनी तीन अक्षरी नंबर प्लेट, हे सर्व एकदा काढून टाकले की परत मिळत नाही, आणि जाणता संग्राहक पैसे मोजतो ते याच गोष्टींसाठी. शिवाय रंगाखाली काय दडले आहे हे कोण पाहणार? आरडीच्या सिलिंडरचा मूळ बोअर, म्हणजे आतला व्यास, ६४ मिलिमीटरचा असतो. सिलिंडर झिजला म्हणून प्रत्येक वेळी आतून कापून रुंद केला की तो पाव-पाव मिलिमीटरने वाढत जातो, आणि ६५ च्या पुढे गेल्यावर नवे लायनर (सिलिंडरची आतली नळी) बसवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. म्हणून टाकीच्या रंगापेक्षा ‘गाडी कितव्या ओव्हरसाइजवर आहे?’, म्हणजे सिलिंडर किती वेळा रुंद केला आहे, हा प्रश्न आधी विचारावा, आणि विकणाऱ्याला उत्तर देता आले नाही तर तिथून उठावे.

मागच्या वर्षी माझ्या गाडीचे क्रँक (पिस्टनच्या ढकलण्याने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) उघडले तेव्हा नाना पेठेजवळच्या एका लेथवर मी दिवसभर बसून होतो. आरडीचे क्रँक अखंड नसते. निरनिराळे भाग दाबून जोडलेले असते, आणि बेअरिंग बदलायचे तर ते पूर्ण सुटे करून पुन्हा दाबावे लागते. मिस्त्रींनी ते दोन आधारांवर ठेवून डायल गेज लावला, हाताने हळूहळू फिरवले, आणि काटा दोन-तीन शतांश मिलिमीटरपेक्षा अधिक सरकला की तांब्याच्या हातोडीचा एक नेमका ठोका घालून पुन्हा फिरवले. असे तीस-चाळीस वेळा झाले असेल. मध्ये कोणी बोलले नाही. संध्याकाळी काटा जवळजवळ स्थिर राहिला तेव्हा त्यांनी हात पुसले आणि ‘आता हिला दहा वर्षं हात लावू नका’ एवढेच म्हणाले. या कामाची चमक छायाचित्रात दिसत नाही, जाहिरातीत लिहिता येत नाही, पण गाडीचे खरे मोल यातच आहे.

न चालवता झाकून ठेवण्याचा सल्ला आरडीसारख्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या बाबतीत सरळ घातक आहे. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असतात. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की ती कोरडी पडून ताठरतात. उजवीकडचे सील गेले तर इंजिन गिअरबॉक्सचे ऑइल ओढून जाळते आणि मागे पांढऱ्या धुराचा लोट उठतो. निदान ते दिसते तरी. डावीकडचे गेले तर बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोल-हवेचे मिश्रण पातळ होते, आणि चालवणाऱ्याला काही कळण्याआधी भर वेगात पिस्टन जाम होतो. त्यात आता पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते ओलावा शोषून घेते. पुण्याच्या पावसाळ्यात चार महिने अर्ध्या टाकीने उभी राहिलेली गाडी दसऱ्याला पूजेसाठी बाहेर काढाल, तेव्हा टाकीत गंज आणि कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर सापडेल. गाडी उभी ठेवायचीच असेल तर कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवावे. त्याहून बरे म्हणजे दर आठवड्याला ती चालवावी. सहा हजार आरपीएमच्या आसपास आरडीचा आवाज बदलतो, खालून कोणीतरी उचलून फेकावे तशी ती पुढे झेपावते, आणि कात्रजच्या जुन्या घाटात भल्या सकाळी तो क्षण अनुभवलेला माणूस तिला केवळ गुंतवणूक म्हणू शकत नाही. मिस्त्री, सुटे भाग, लेथवरचे ज्ञान, हे सारे टिकून आहे ते चालवणाऱ्यांमुळे.

कागदपत्रांचे ‘नंतर पाहू’ हे वाक्य मी माझ्या मित्राच्या तोंडून ऐकले होते. त्याने शहराबाहेरच्या एका गॅरेजमधून आरडी घेतली, पूर्ण रक्कम दिली, आणि नाव बदलायला गेल्यावर पेन्सिल घासून घेतलेला चासी नंबरचा ठसा नोंदणी प्रमाणपत्राशी जुळला नाही. नंबर घासून पुन्हा पंच केलेला होता. ती गाडी आज त्याच्या जिन्याखाली उभी आहे. ती विकता येत नाही आणि रस्त्यावरही काढता येत नाही. अशा वेळी ‘व्हिंटेज नोंदणी करून घेऊ’ असे कोणी सांगितले तर २०२१ चे केंद्रीय नियम पाहावेत. ती नोंदणी पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपातल्या वाहनांसाठी आहे, तिची पहिली फी २०,००० रुपये आहे, आणि तशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. १९८३ ची आरडी २०३३ पर्यंत त्या नियमात बसतच नाही. तोवर पंधरा वर्षांनंतरचे, दर पाच वर्षांचे नूतनीकरण आणि तपासणी हाच मार्ग आहे, आणि तोही चासी नंबर खरा असेल तरच.

परदेशातल्या कोटींच्या किमतींबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. २०१८ साली लास वेगासच्या लिलावात व्हिन्सेंट ब्लॅक लाइटनिंग ही जुनी ब्रिटिश मोटारसायकल ९,२९,००० डॉलरला गेली हे खरे आहे. पण जॅक एहरेटने १९५३ साली ऑस्ट्रेलियाचा वेगविक्रम केला तीच ती गाडी होती. तो भाव त्या एका गाडीचा आहे.

राहता राहिली सोन्याची तुलना. लक्ष्मी रोडवरच्या कोणत्याही सराफाकडे आज सकाळी गेलात तर आजचा भाव फळ्यावर दिसतो आणि त्या भावाच्या आसपास सोने तिथल्या तिथे विकता येते. मोटारसायकलला असा फळा नाही. जाहिरातीत दिसते ती विकणाऱ्याची अपेक्षा असते. सौदा किती रुपयांना झाला, किंवा झालाच नाही, हे कोणी छापत नाही. विम्याचीही तीच गत आहे: पाच वर्षांपुढच्या गाडीची विमा रक्कम कंपनीशी बोलून ठरवावी लागते, अनेकदा फक्त थर्ड पार्टी विमाच हाती पडतो, आणि तेव्हा गाडी चोरीला गेली तर ज्या किमतीची स्वप्ने पाहिली तिचा एक रुपयाही मिळत नाही. मुदत ठेवीला सील बदलावे लागत नाहीत.

निवृत्तीच्या पैशांबद्दल विचारणाऱ्या त्या गृहस्थांना मी कळवले आहे की ठेव तशीच राहू द्यावी आणि येत्या रविवारी सकाळी सहा वाजता माझ्याकडे यावे. माझी आरडी त्यांनी स्वतः किक मारून सुरू करावी, कात्रजच्या जुन्या घाटातून एक फेरी मारून यावी, आणि त्यानंतरही मनात असेल तर आपण दोघे मिळून एखादी चालती, खऱ्या कागदांची, रंग उडालेली आरडी शोधू.