जंगल कोणाच्या बापाचे नाही, हे मलाही ठाऊक आहे

मी त्याला तीन वेळा बॅटरी दाखवली होती, ही गोष्ट आधीच नोंदवून ठेवतो, कारण नंतर "अंधारात तुम्ही दिसलाच नाहीत" असे तोंड वर करून सांगायला त्याने कमी केले नाही. उजाडायला अजून तासभर अवकाश होता, झाडाच्या बुंध्याला पाठ टेकून मला बसल्याला दीड तास उलटून गेला होता, आणि खालच्या पायवाटेवरून एक उजेड डुलत डुलत वर येताना दिसला, तेव्हा अशा वेळी प्रत्येक शहाणा शिकारी जे करतो तेच मी केले: बॅटरी त्याच्या दिशेने धरून तीनदा उघडझाप केली. येथे माणूस बसलेला आहे, आपण दुसरीकडे जावे, एवढाच त्याचा अर्थ असतो आणि तो समजायला पदवी लागत नाही. पलीकडूनही तीनदा उघडझाप झाली. मला वाटले, चला, माणूस जाणता दिसतो. तो जाणता माणूस सरळ चालत आला, माझ्यासमोर जेमतेम ८० पावलांवर थांबला, आणि पाठीवरची हिरवी घडीची खुर्ची खाली उतरवून खटाखट उलगडू लागला. त्या खुर्चीच्या एका हाताचे कापड फाटलेले होते आणि त्यावर रुपेरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, हेसुद्धा मला त्याच्याच बॅटरीच्या झोतात स्वच्छ दिसले. एवढा उजेड त्याने पाडला होता.

ही जागा मला कोणी दाखवली नव्हती. हंगाम सुरू होण्याआधी तीन आठवडे मी त्या डोंगरात बंदुकीशिवाय फिरत होतो. हरणांच्या दोन वाटा एका लहानशा खिंडीत कोठे मिळतात, लेंड्या कोणत्या ताज्या आणि कोणत्या वाळून भुसा झालेल्या, कोवळ्या झाडांच्या साली शिंगे घासून कोठे सोलल्या आहेत आणि त्याखालचे लाकूड अजून ओले आहे की काळे पडले आहे, हे सगळे वाकून, कधी गुडघे टेकून पाहिले होते. वाऱ्याचा अंदाज घेण्यासाठी तर पाच पहाटा खर्ची घातल्या. सूर्य वर आला की उतारावरची हवा तापून वर सरकते आणि संध्याकाळी गार होऊन ओघळीतून खाली उतरते, हे पुस्तकी ज्ञान सर्वांना असते. पण एखाद्या विशिष्ट खिंडीत पहाटे पाचला वारा कोणत्या अंगाने येतो, हे तेथे जाऊन चिमूटभर पावडर हवेत सोडल्याशिवाय कळत नाही. या खिंडीत तो वाटेच्या पलीकडून अलीकडे येतो. म्हणून मी अलीकडे बसलो होतो. हरणाचे नाक माणसाच्या कल्पनेपलीकडचे असते, आणि त्या नाकापर्यंत माझा वास पोहोचू नये एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्या थंडीत एका दगडी उंचवट्यावर, कंबरेचे जे काय व्हायचे ते होऊ देऊन, मुकाट्याने बसलो होतो. हा गृहस्थ वाटेच्या पलीकडे बसला. म्हणजे वाऱ्याने त्याच्या अंगाचा, बुटांचा, आणि बहुधा सकाळी चोपडलेल्या साबणाचाही वास उचलायचा, तो थेट हरणांच्या वाटेवर अंथरायचा आणि उरलेला माझ्यापर्यंत आणून सोडायचा, अशी चोख व्यवस्था झाली.

बरे, वासाचे एक वेळ सोडून देऊ. माझ्या नळीसमोर वाट, आणि वाटेच्या बरोबर मागे तो. म्हणजे त्या क्षणापासून माझ्या हातात बंदूक होती की काठी, याने काहीच फरक पडणार नव्हता. भरघोस शिंगांचा नर येऊन वाटेत आडवा उभा राहिला असता, तरी मी घोडा ओढू शकलो नसतो आणि ओढलाही नसता. आणि त्याच्या खुर्चीचे तोंड कोणीकडे होते? वाटेकडे, म्हणजेच माझ्याकडे.

याचा अर्थ ज्यांना लगेच कळत नाही, त्यांनी .२२ सारख्या लहानशा काडतुसाच्या डबीवरचा इशारा वाचावा. ती गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते असे त्यावर छापलेले असते. मोठ्या रायफलीची गोळी वरच्या कोनात सुटली तर काही किलोमीटर जाते. आणि हे दोघे बसणार एकमेकांच्या समोरासमोर, ८० पावलांवर, मधून सावज जावे अशी वाट पाहत! सावजापलीकडे काय आहे हे पाहिल्याशिवाय बार काढायचा नाही, हा शिकारीचा पहिला धडा. सावजापलीकडे मी आहे, हे त्याला माझ्या बॅटरीने तीनदा सांगितले होते. त्याने उत्तरही दिले होते. मग ते उत्तर म्हणजे नेमके काय होते, नमस्कार?

उजाडता उजाडता आणखी दोघे आले. जिकडे एक माणूस बसला आहे तिकडे काहीतरी असणारच, हा तर्क माणसे हॉटेलाबाहेरची गर्दी पाहून करतात तसाच जंगलातही करतात. त्यांतल्या एकाने नारिंगी जाकीट घातले होते, आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, उलट आनंदच आहे. हरणाच्या डोळ्यांत लाल रंग ओळखणाऱ्या पेशी नसतात, त्यामुळे आपल्याला भडक दिसणारी ती नारिंगी त्याला मळकट वाटते, आणि दुसऱ्या शिकाऱ्याला मात्र माणूस लांबून दिसतो. पण जाकिटाखाली त्याने चढवली होती निळी जीन्स. निळा रंग हरणाला चांगला दिसतो. म्हणजे नियमापुरती नारिंगी वर आणि हरणांसाठी निळा झेंडा खाली. मग वेल्क्रोची पट्टी उघडल्याचा चर्रर्र असा आवाज झाला. मग थर्मासचे झाकण. मग कोणाच्या तरी खिशात फोन गुरगुरला, आणि तो बंद करण्याऐवजी त्या माणसाने तो काढून वाचला. पडद्याच्या उजेडाने त्याचा चेहरा एखाद्या देवळातल्या मूर्तीसारखा उजळून निघाला. चौघे शिकारी एका खिंडीत. हाकारा घालायला माणसे जमवावी तशी आम्ही जमलो होतो, फक्त हाका घालायच्या बाकी होत्या.

आणि तरीही ती आली. सातच्या सुमारास वरच्या झुडपांतून एक मादी आणि तिच्यामागे बरेच अंतर ठेवून शिंगांचा एक तुकडा, एवढेच मला दिसले. नर आहे हे कळायला तेवढे पुरेसे होते. मादी चार पावले पुढे आली आणि थबकली. तिने मान वर केली, नाकपुड्या फुलवल्या, आणि पुढचा एक पाय जमिनीवर आपटला. तो आवाज ज्याने ऐकला आहे त्याला पुढे काय होणार ते ठाऊक असते. आणखी एकदा पाय आपटला, मग फुस्स असा जोराचा फुत्कार, शेपटीचा पांढरा झोत, आणि तीन आठवड्यांची माझी मेहनत झुडपे मोडत डोंगरापलीकडे निघून गेली. पलीकडची खुर्ची करकरली. तिच्यातल्या माणसाने मान वळवून आवाज कोठून आला ते शोधले, उलट्या दिशेला.

अर्ध्या तासाने तो उठला आणि चक्क हरणांच्या वाटेवरून चालत माझ्याकडे आला. त्याने हसून विचारले, "काय काका, काही दिसलं का?"

या प्रश्नावर तुरुंगात न जाता देता येईल असे उत्तर अजून कोणाला सापडलेले नाही. मी शक्य तितक्या शांतपणे त्याला सांगितले की मी येथे पहाटेपासून बसलो आहे, तुम्हाला बॅटरी दाखवली होती, वारा तुमच्याकडून येत होता, आणि मुख्य म्हणजे आपण एकमेकांच्या नळीसमोर होतो. त्यावर तो "दिसलाच नाहीत" वर गेला. मी बॅटरीच्या उघडझापीची आठवण करून दिली. मग तो हक्काच्या वाक्यावर आला: "जंगल काय तुमच्या बापाचं आहे का?"

नाही. माझ्या बापाचे नाही, हे मलाही ठाऊक आहे, आणि तो वाद माझा नव्हताच. सार्वजनिक जंगलात मीही परवाना काढून जातो आणि तोही परवाना काढून येतो. झाडावर माझे नाव कोरलेले नाही आणि कोरावे असेही मला वाटत नाही. शिकाऱ्यांचे हे भांडण काही आजचे नाही. १८०५ साली न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयापुढे पिअर्सन विरुद्ध पोस्ट हा खटला आला होता. पोस्ट कुत्री घेऊन ओसाड जागेत एका कोल्ह्याच्या मागे होता. त्याचा पाठलाग चाललेला पाहत असतानाच पिअर्सनने मध्ये पडून तो कोल्हा मारला आणि उचलून नेला. नुसता पाठलाग केल्याने जनावर तुमचे होत नाही, असा निकाल पिअर्सनच्या बाजूने लागला. पण त्याच निकालात न्यायमूर्ती टॉम्पकिन्स यांनी पिअर्सनचे वागणे असभ्य असेलही, मात्र त्यावर कायद्याकडे इलाज नाही, अशा अर्थाचे म्हणून ठेवले आहे, आणि विरोधी मत देणारे लिव्हिंग्स्टन यांचे म्हणणे होते की हा तंटा मुळात शिकाऱ्यांनीच आपसांत मिटवायला हवा होता. दोनशे वर्षे झाली. शिकाऱ्यांनी आपसांत काय मिटवले ते त्या खिंडीत दिसलेच.

जर्मनीत हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवलेला आहे. तेथे शिकारीचा हक्क जमिनीशी बांधलेला असतो. किमान ७५ हेक्टर सलग जमीन असेल तर मालकाचे स्वतंत्र शिकारक्षेत्र होते, त्याहून लहान तुकडे एकत्र करून सामाईक क्षेत्र करतात आणि ते भाड्याने देतात. त्यामुळे तेथे कोणी उपटसुंभ पहाटे खुर्ची घेऊन समोर येत नाही. पण ज्याच्याकडे जमीन नाही आणि भाड्यासाठी पैसेही नाहीत, त्याला कोणाच्या तरी आमंत्रणाची वाट पाहावी लागते. मला ती रीत नको. परवाना काढणाऱ्या कोणालाही जंगल खुले असावे, याच बाजूचा मी आहे, आणि म्हणूनच माझा संताप अधिक आहे, कारण खुले जंगल टिकते ते आधी आलेल्याला जागा सोडण्याच्या साध्या रीतीवर, आणि ही रीत मोडणारेच "बापाचं आहे का" म्हणून विचारतात.

मी काही जन्मतः शहाणा नव्हतो. पहिल्याच हंगामात मी एका म्हाताऱ्या शिकाऱ्याच्या अंगावर जवळजवळ पाय दिला होता. त्याने तोंडातून शब्द काढला नाही, फक्त हात वर केला. मी आल्या पावली मागे फिरलो आणि उरलेली सकाळ एका निरुपयोगी ओढ्याकाठी शरमेने बसून काढली. चूक कोणाकडूनही होते. अंधारात रस्ता चुकतो, नकाशा फसवतो. चूक कळल्यावर खुर्ची उलगडणे ही मात्र चूक नव्हे.

हल्ली हे वाढले आहे आणि त्याचे कारण काही गूढ नाही. फोनवरच्या नकाशात प्रत्येकाला त्याच खिंडी, तेच पाणवठे आणि गाडी लावायची तीच जागा दिसते, आणि गाडीपासून वीस मिनिटांच्या पलीकडे चालायची तयारी फारच थोड्यांची असते. पाणबदकांच्या शिकारीत तर याहून वाईट अवस्था आहे. तळ्यावर पहाटे थंड पाण्यात उतरून नकली बदके मांडायची आपण, वरून घिरट्या घेत थवा खाली उतरू लागला की शेजारच्या लव्हाळ्यात घुसलेल्याने तो दुप्पट उंचीवर असतानाच बार काढायचा. छऱ्याचा भरवशाचा पल्ला ३५ ते ४० मीटर. त्यापलीकडे पक्षी मरत नाही, जखमी होऊन कोठेतरी दूर जाऊन पडतो. दोन वर्षांपूर्वी त्या छऱ्यांचा सडा माझ्या टोपीवर आणि भोवतालच्या पाण्यावर पडला होता. एवढ्या लांबून आलेल्या छऱ्यांत जोर उरलेला नव्हता, म्हणून आज हे लिहू शकतो. बार काढणारा लांबूनच "सॉरी" म्हणाला आणि त्याने पुन्हा काडतूस भरले.

असो. खिंडीतल्या त्या सकाळनंतर मी जिद्दीला पेटलो आणि दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा तासभर आधी निघालो. वाटेत एकही उजेड नव्हता, गाडी लावायच्या जागी माझीच एकटी गाडी होती, वारा नेमका हवा तसा होता. दम न लागेल अशा बेताने चढत मी त्या बुंध्यापाशी पोहोचलो, लाल काच लावलेली बॅटरी जमिनीकडे धरून बसायची जागा चाचपली, आणि माझा हात धातूला लागला. हिरवी घडीची खुर्ची, एका हाताला रुपेरी चिकटपट्टी. रात्रीच कधीतरी आणून माझ्या झाडाला टेकवून ठेवलेली. खुर्चीला साखळी होती, साखळी बुंध्याला वेढा घालून आलेली होती, आणि तिला कुलूप होते.