पिंजऱ्याचं दार बंद झाल्यावरही कॅमेरा चालू हवा

वस्तीत बिबट्या शिरल्याची बातमी आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. सीसीटीव्हीचं धूसर फुटेज, मागे छातीत धडकी भरवणारं संगीत, शेवटी पिंजरा आणि बघ्यांच्या टाळ्या. बातमी तिथे संपते. शहर आणि वन्यजीवांवर डॉक्युमेंटरी करणाऱ्यांनी मात्र तिथूनच शूटिंग सुरू करावं, असं मला मनापासून वाटतं.

पिंजऱ्यानंतर काय होतं? जुन्नर भागात 2001 मध्ये शेतातले बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडायला मोठ्या प्रमाणावर सुरुवात झाली. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं की, माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 वरून 17 वर गेले. बिबटे जिथे सोडले, तिथेही हल्ले होऊ लागले. हे कळायला कुणीतरी वर्षानुवर्षं मागावर राहावं लागतं. दोन मिनिटांच्या बातमीचं ते काम नाही, माहितीपटाचं आहे.

आणि पिंजऱ्याच्या आधी काय असतं? कचरा. मुंबईचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचं, वस्तीनं वेढलेलं. तिथल्या बिबट्यांच्या विष्ठेच्या अभ्यासात त्यांच्या खाण्यात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा निघाला. कुत्री पोसली जातात उघड्या कचऱ्यावर. आणि त्याच कडेला, घरात संडास नाही म्हणून अंधारात बाहेर बसलेलं एखादं लहान मूल असतं. मग बिबट्यावर फिल्म करायची तर कचऱ्याच्या गाडीमागे फिरायला नको का?

कचरा पडद्यावर कोण बघणार, असं म्हणणाऱ्यांनी शौनक सेन यांची ‘ऑल दॅट ब्रीद्स’ जरूर पाहावी. सुरुवातीलाच रात्रीच्या अंधारात उंदरांची झुंबड, आणि कॅमेरा जमिनीलगत, अगदी सावकाश सरकतो. दिल्लीत मांज्याने पंख कापलेल्या घारींवर उपचार करणारे दोन भाऊ, विषारी हवा, अस्वस्थ शहर, सगळं एकाच श्वासात येतं. उपदेशाचा एक शब्द नाही. 2022 मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक माहितीपट विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार तिला मिळाला, आणि कान महोत्सवात ती सर्वोत्कृष्ट माहितीपट ठरली.

संगीताचंही बोलायलाच हवं. बिबट्याचं एखादं फुटेज आवाज बंद करून बघा. तो भिंतीच्या कडेनं येतो, थबकतो, एक कान मागे वळवतो आणि निघून जातो. बस, एवढंच. त्यावर ढोल वाजवले की त्याचाच ‘हल्लेखोर’ होतो, आणि दुसऱ्या दिवशी लोक पिंजरा लावा म्हणून मोर्चा काढतात. संकलनाच्या टेबलावरचा तो एक निर्णय जनावराच्या जिवावर बेततो.

म्हणून फिल्म करणाऱ्या मित्रांना एक विनंती. कच्चा कट महोत्सवाला पाठवण्याआधी जंगलालगतच्या वस्तीत दाखवा. पहाटे पाण्याला जाणाऱ्या बायकांना, कचरा उचलणाऱ्या कामगारांना, वनरक्षकांना विचारा काय खोटं वाटतंय, काय राहून गेलंय. त्यांचं ऐकून मगच एडिट लॉक करा.